कळपाच्या मागे चालणारी

बारामतीत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली शबीना तांबोळी आणि सार्थकने भाड्याने घेतली होती. दोघं एकाच कॉलेजात शिकलेली. ती कोड लिहायची, तो चित्रं काढायचा. दीड वर्षं दोघं एकाच गेमवर काम करत होती. त्यात एका मेंढपाळाने तीनशे मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि कोकणात पोचायचं. गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनमध्ये, एकदा गेम बांधला की तोच कॉम्प्युटरवर आणि फोनवरही चालतो, या भरवशावर त्यांनी सुरुवात केली होती. कॉम्प्युटरवर कळप ओढ्यासारखा वाहायचाही. पण स्वस्तातल्या फोनवर चार पावलं टाकून थिजायचा.

"मेंढरं तीस करू," सार्थक म्हणाला.

"तीस मेंढरांचा कसला कळप? तुझ्या आजोबांना हसू येईल."

मग आजोबांनाच दाखवायचं ठरलं आणि रविवारी दोघं सार्थकच्या गावी, अंथुर्ण्याला गेली. जोतीरामआबांनी पन्नास वर्षं मेंढरं राखली होती. गुडघे गेले तेव्हा कळप विकला. आता सार्थकचे वडील ऊस लावतात.

आबांनी फोन हातात घेतला. भेगाळलेलं बोट काचेला कळेना, म्हणून त्यांनी अंगठा तिरका टेकवला. थोडा वेळ बघून म्हणाले, "ही मेंढरं न्हाईत."

"का हो आबा?" शबीनाने विचारलं.

"समदी माझ्या अंगठ्याकडं पळत्यात. मेंढरू मालकाकडं बघत न्हाय, पोरी. शेजारच्या मेंढराकडं बघतं. मोहरची एक हलली की बाकीची हलत्यात."

शबीनाने तिथेच ओसरीवर लॅपटॉप उघडला. आतापर्यंत तिने तीनशेतल्या एकेका मेंढीला आपापली वाट शोधायला लावली होती. फोन दमत होता तो त्यानेच. आता वाट फक्त पुढच्या मेंढीने शोधायची, बाकीच्यांनी शेजारणीकडे बघून चालायचं. जेवणं होईपर्यंत बदल झाला. फोनवर कळप हलला आणि हलतच राहिला. शबीनाला आनंद झाला, थोडी लाजही वाटली. इतके महिने ती हे इंटरनेटवर शोधत होती.

सार्थकची आजी सिंधुबाई शेंगा फोडता फोडता मागून बघत होती. तिने विचारलं, "आन् मागं कोण हाय?"

"मागं कुणी नाही, आजी."

"मग मी कुठं व्हते?"

सिंधुबाईने सूप खाली ठेवलं. "घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लेकरं. लंगडी मेंढी, व्यालेली मेंढी, समदं माझ्याकडं. ह्याचा बाप घाटातच झाला. कळप मोहरं निघून गेला व्हता."

"कळलं तवा मागं फिरलो की मी," आबा म्हणाले.

"फिरला. पर नाळ मीच कापली व्हती."



परतताना भिगवणचा फाटा मागे पडल्यावर सार्थक म्हणाला, "आजोबांचा फेटा मी चाळीस वेळा काढला असेल. आजीला एकदाही काढलं नाही."

"काढ मग," शबीना म्हणाली. "गेम दोघांचा करू. एकाने फोनवर पुढं चालायचं, दुसऱ्याने कॉम्प्युटरवर मागं. पुढच्याला मागचं दिसणार नाही, फक्त ऐकू येईल."

बोलायला सोपं होतं. फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलेनात. मागची हाक पुढे उशिरा पोचायची, तोवर कळप वळणाआड गेलेला असायचा. पुण्याच्या ज्या स्पर्धेसाठी गेम धाडायचा होता तिची तारीख हुकली. सार्थकने दोनदा हा नाद सोडायचा विषय काढला. शबीनालाही पटत होतं, पण सोडवत नव्हतं.

पाच महिन्यांनी हाक वेळेवर पोचू लागली, तेव्हा दोघं पुन्हा अंथुर्ण्याला गेली. आबा फोन घेऊन अंगणात बसले, सिंधुबाई लॅपटॉपपुढे घरात. शबीनाने तिला चार बटणं दाखवली. पडद्यावर कासोटा घातलेल्या नऊवारीतली एक बाई घोड्याचा दोर धरून उभी होती. सिंधुबाईने तिला न्याहाळलं. "दोर उजव्या हातात धरायचे मी," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

घाटाच्या मध्यावर एक मेंढी बसली. सिंधुबाई थांबली. हाकेचं बटण कुठलं ते तिला आठवेना, म्हणून तिने दाराकडे तोंड करून खरीच हाक मारली. बाहेर आबांनी अंगठा उचलला. पुढची मेंढी थबकली, तिच्यामागे एकेक करत सगळा कळप उभा राहिला.

"थांबलोय," आबा म्हणाले. "सावकाश ये."

सिंधुबाईने घाई केली नाही. शबीनाकडे वळून म्हणाली, "हिला पाणी पाजता येतंय का गं?"

गेममध्ये पाणी होतं, पण नुसतं चित्रातलं. मेंढीला मान वाकवता येत नव्हती.

"अजून नाही, आजी," शबीना म्हणाली आणि वही काढून लिहू लागली.