दुपारी एक ते चार

"एकच बाई एकाच वेळी पलंगावर आडवी आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेली कशी असेल?" मॅडमनी पत्रातला प्रश्न मोठ्यानं वाचला आणि समोर बसलेल्या विभागप्रमुखांकडे पाहिलं.

"जुळ्या असतील," सर म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष मॅडमच्या बढतीच्या फाइलमध्ये होतं. "ते सोडा. तुमच्या लेखांचे इतरांनी केलेले उल्लेख किती लिहायचे? एकोणीसशे बारा?"

"आज सकाळी चौदा होते."

"मग चौदाच लिहा. दोन कशाला सोडायचे?"

घरातल्या साध्यासुध्या वस्तूंत न दिसणारे संगणक बसवायचे आणि त्यांना माणसाची काळजी घ्यायला शिकवायचं, हा मॅडमचा विषय. पंधरा वर्षांत एक्केचाळीस लेख. त्यातले काही फक्त परीक्षकांनीच वाचले असावेत, आणि तेही घाईत, याबद्दल त्यांचा स्वतःचा काही गैरसमज नव्हता. त्या एकोणीसशे चौदांपैकी तेराशे चाळीस उल्लेख एकाच लेखाचे होते. पीएचडीच्या वेळी एकट्या राहणाऱ्या एका वयस्क बाईंच्या घरात त्यांनी नळ, फ्रिज, पलंग, खुर्ची धरून सोळा सेन्सर बसवले होते. अकरा आठवड्यांच्या त्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या होत्या. देशोदेशीचे लोक आपापली यंत्रं 'व्यक्ती क्रमांक एक'च्या दिनक्रमावर शिकवत होते. व्यक्ती क्रमांक एक म्हणजे मॅडमची सख्खी मावशी.

पत्र एका परक्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचं होतं. रोज दुपारी एक ते चार पलंगावरही वजन दिसतं आणि खुर्चीतही, एवढंच त्यानं अदबीनं विचारलं होतं. मॅडमना लेखातली आपलीच ओळ आठवली: 'खुर्चीचा सेन्सर सदोष असल्यामुळे त्याच्या नोंदी वगळल्या आहेत.' तो सदोष आहे का, हे त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. तेव्हा प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते.

"आधी फाइल जाऊ द्या," सर म्हणाले. "समिती पंधरा दिवसांत बसतेय. पत्राला मग उत्तर द्या. पोरगा कुठे पळून जातोय?"

बोलणं अगदी व्यवहाराचं होतं. मॅडमनी मान डोलावली आणि संध्याकाळी तडक मावशीचं घर गाठलं.

मावशीनं चाळीस वर्षं कपडे शिवले होते. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती.

"मावशी, मी ती यंत्रं लावली होती तेव्हा दुपारी घरात कोण असायचं?"

"बारा वर्षांनी विचारतेस होय? म्हणे घराण्यातली हुशार मुलगी!"

"कोण होतं?"

"समोरची सिस्टर. कायमची रात्रपाळी तिची. घरी आली की दोन लहान पोरं, सासू आणि खोली एकच. बिचारी झोपणार कुठे? म्हटलं, ये, माझ्या पलंगावर पड."

"अगं, एकटीच राहा म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"म्हणून तर तुला सांगितलं नाही. एकटी राहते म्हणून सही घेतलीस तू माझी. म्हटलं, उगाच पोरीची डिग्री बुडायची."

"आणि तू काय करायचीस तीन-तीन तास?"

"बसायचे खुर्चीत. नळ सोडला की पाइप घुमायचा गं. भांडीसुद्धा तशीच ठेवायचे."

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. एक ते चार स्वयंपाकघर चिडीचूप, हा त्यांच्या लेखातला सगळ्यात गाजलेला आलेख. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'एकाकी वृद्धांची दुपारची निष्क्रियता'. हे शब्द लोक जसेच्या तसे उचलून वापरत होते. त्यांना हसू फुटलं, आणि फुटलं ते आवरेना.

"दात काय काढतेस? नोकरी जाईल का तुझी?"

"नोकरी नाही गं. बढती अडेल."

"मग नको सांगूस कुणाला. मी नाही का बारा वर्षं गप्प बसले?"

मॅडमचं हसू ओसरलं. "मावशी, लोक या नोंदींवर यंत्रं शिकवतात. उद्या एखादी बाई खरंच घरात पडली आणि तीन तास उठली नाही, तर यंत्र म्हणेल, असू दे, म्हाताऱ्या बायका दुपारच्या झोपतातच."

मावशीनं सुई हातातल्या कापडात टोचली. "असं असेल तर सांग बाई. आजच सांग."

मॅडमनी तिथेच बसून शुद्धिपत्र लिहिलं. सेन्सर बरोबर होता, चूक माझी होती, असं सरळ म्हटलं, त्या विद्यार्थ्याचे आभार मानले आणि शुद्धिपत्राची एक प्रत फाइलला जोडली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती पाहून चष्मा काढला. "स्वतःच्या हातानं पायावर धोंडा? आता समिती तो लेख बाजूला ठेवणार. उरले किती?"

"पाचशे चौऱ्याहत्तर."

"एवढ्यावर कुणी प्रोफेसर होत नाही."

"मग नाही होत, सर. तसे माझे तास चांगले चाललेत," मॅडम म्हणाल्या, आणि हे आपण इतक्या सहज म्हणालो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

एक काम मात्र राहिलं होतं. दुसऱ्या व्यक्तीची परवानगी नसताना तिच्या नोंदी खुल्या ठेवता येत नाहीत. सिस्टरला आता दिवसपाळी होती. ड्यूटी संपवून ती गणवेशातच मावशीकडे आली आणि उभ्यानं कागद वाचू लागली.

"नाव छापणार माझं?"

"नाही. व्यक्ती क्रमांक दोन."

"बरं झालं. सासूबाईंना अजून वाटतं, मी शिवण शिकायला यायचे."

"आणि एक रुमाल शिवून दाखवला नाही हिनं," मावशी म्हणाली.

सिस्टरनं सही केली, पण पेन परत दिलं नाही. "तुमच्या यंत्रात सगळं असतं ना? मी झोपले तरी किती, एकूण?"

मॅडमनी लॅपटॉप उघडून बेरीज केली. "दोनशे चौदा तास."

"मधे जाग किती वेळा आली?"

मॅडमनी सगळ्या दुपारी एकेक करून पाहिल्या. मावशी खिडकीबाहेर बघत होती.

"एकदाही नाही."

"हे जरा कागदावर लिहून द्या," सिस्टर म्हणाली आणि पेन पुढे केलं.

मॅडमनी लिहून दिलं. सिस्टरनं तो कागद एकदा वाचला, त्याची बारीक घडी केली, गणवेशाच्या खिशात थर्मामीटरच्या मागे ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.