अर्थिंगचं पाणी

टँकरच्या रांगेतून हिराबाईला आम्हीच बाहेर ओढलं. दोन हजार चारचा चैत. विहिरीच्या तळाला नुसता गाळ उरलेला, आणि टँकर तिसऱ्या दिवशी यायचा तेव्हा घरटी तीन हंडे. त्यातला एक हंडा ही बाई पंचायतीच्या मागच्या खड्ड्यात ओतून येते, हे गंगीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

हिराबाई पंचायतीत झाडलोट करायची. नवरा कसाऱ्याच्या घाटात रस्त्याच्या कामावर असताना दरडीखाली गेला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. दिवाळीनंतर पंचायतीत कॉम्प्युटर आला, तो बसवायला वाशिंदहून जयराम वायरमन आला. जुन्या बोर्डातून लाइन घ्यायला तो तयार नव्हता. मीटरपासून वेगळी वायर ओढली, मागे कातळ फोडून छातीएवढा खड्डा केला, त्यात पाइप उभा करून कोळसा नि मीठ भरलं. जाताना बजावलं, की उन्हाळ्यात रोज पाणी ओता, नाहीतर जमीन सुकेल, अर्थिंग लागणार नाही, आणि कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला की झटका बसेल. ग्रामसेवकाने ते काम हिराबाईला लावलं. पाणी कुठून आणायचं ते कुणी सांगितलं नाही.

रांगेत ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माज्या वाट्याचं वततंय मी. तुमचं काय घेतलं?"

"आनि सासूला पानी लागलं का आमच्याच दारात येतंस ना गो?" गंगी म्हणाली.

ते खरंच होतं. मीही त्या दिवशी तिला बोलले, ते आता तोंडातून काढवत नाही. शेवटी तिला भरू दिलं, तेव्हा ती तिन्ही हंडे घरी घेऊन गेली, खड्ड्याकडे वळली नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी अंधारून आलं, घराघरात दिवे लावले, आणि वावटळ सुटली. शाळेजवळच्या ऐनाची फांदी तारांवर पडली, आणि सगळ्या वाडीत पेटलेले दिवे एकदम पांढरेफटक होऊन फटाफट फुटले. राघोच्या टीव्हीतून धूर निघाला. पंचायतीतला कॉम्प्युटर जळाला तो वास रस्त्यापर्यंत आला. ग्रामसेवकाने मागे जाऊन खड्ड्यात हात घातला. कोरडा कोळसा मुठीत घेऊन आला आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं. तिने लपवलं नाही.

"चार दिस झाले, नाय वतलं," म्हणाली.

त्याने ते कागदावर लिहून घेतलं, खाली तिचा अंगठा.

दुसऱ्या दिवशी जयराम आला. खांबाकडे बघून आला आणि सांगितलं, की न्यूट्रलची तार तुटली, म्हणून घराघरात दुप्पट दाबाने वीज शिरली. त्या खड्ड्यात आख्खी नदी ओतली असती तरी पेटी वाचली नसती. हिराबाई त्याच्याकडे गेली, मला सोबत घेऊन. म्हणाली, हे तेवढं कागदावर दे. जयराम खाली बघून वायर गुंडाळत राहिला.

"तोंडानं सांगितलं मी ग्रामसेवकाला, मावशे. लिवून द्यायला नाय जमायचं. पंचायतीचीच कामं करतंय मी."

तिने मान हलवली. रागावलीसुद्धा नाही.

पुढच्या सभेत तिला कामावरून काढलं. दिवे तर सगळ्यांच्याच घरात फुटले होते, कशाने फुटले ते सगळ्यांना ठाऊक होतं. राघो होता, गंगी होती. कुणी उठलं नाही. मीही उठले नाही, कारण तिच्या जागी माझ्या सुनेला, राहीला, घेणार हे सकाळीच माझ्या कानावर आलं होतं.

हिराबाई सासूला घेऊन वीटभट्टीवर निघाली त्या दिवशी पंचायतीची किल्ली द्यायला आमच्या ओट्याशी आली. माझ्याकडे बघितलं नाही. राहीच्या हातात किल्ली ठेवून म्हणाली,

"दार जरा उचलून धर पोरी, मंग फिरव. नायतर कुलूप अडकतं."