समोरच्याची वाक्यं

थिएटरच्या दारावरच्या पोराने बाल्कनीच्या जिन्याकडे बोट दाखवलं, तशी ओझेलाने टोपी डोक्यावर घट्ट दाबली आणि सरळ खालच्या दारातून आत शिरली.

"बाल्कनीत मी जन्माचं बसून घेतलंय, बाळा," ती त्याला म्हणाली. "आता खाली बसते."

व्हर्डेल तिच्या मागोमाग गेली. ओझेला तिची आतेबहीण. जॉर्जियातलं मेकन सोडून लॉस एंजलिसला येऊन तिला युग लोटलं होतं, पण जिभेची धार अजून गावचीच होती. खुर्चीत टेकता टेकता तिने सुरुवात केली.

"मामाचं दार बघायला केवढा हा नट्टापट्टा! उघडेल आणि लावेल. त्यासाठी माझी दुपारची झोप मोडलीस."

"झोप ना मग. तो प्रसंग आला की उठवीन मी."

"असला तर."

त्या 'असला तर'पायीच व्हर्डेलला सकाळपासून घास गिळवला नव्हता.

ऑस्करच्या दिवसांत हे थिएटर दरवर्षी नामांकन हुकलेले जुने चित्रपट दाखवी. यंदा त्यात तिच्या वडिलांचा चित्रपट होता. अ‍ॅम्ब्रोज टिस्डेल त्यात न्यायाधीशाच्या घरचा नोकर, इलायस, झाले होते. बहुतेक काम दारं उघडण्याचं आणि कोट घेण्याचं. पण एक प्रसंग असा होता की त्यात तो नोकर न्यायाधीशासमोर उभा राहतो. न्यायाधीशाच्या मुलाने एका माणसाला गाडीखाली चिरडलेलं असतं. मुलगा त्या रात्री घरीच होता अशी शपथ घे, असं न्यायाधीश सांगतो आणि नोकर नाही म्हणतो.

या कामाला नामांकन मिळालंच पाहिजे, असं तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं. स्टुडिओने मात्र सगळं वजन दुसऱ्याच नावामागे टाकलं. नावं जाहीर व्हायची त्या सकाळी वडील दाढी करून, टाय बांधून रेडिओजवळ बसले होते. त्यांचं नाव आलं नाही. त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "चला, न्यायाधीश महाराज. शाळेला उशीर होतोय."

न्यायाधीश म्हणजे व्हर्डेल. स्वयंपाकघरात तालीम चाले तेव्हा समोरच्याची वाक्यं ती वाचायची. पिठाच्या डब्यावर बसून, आवाज जाडा करून. वडील चुलीवरची भाजी ढवळत उत्तरं द्यायचे. ती घाई करू लागली की पळी उगारायचे. "न्यायाधीश कधी घाईत नसतो, पोरी. मला बोलायला जागा ठेव."

पण काळ्या माणसाने गोऱ्या न्यायाधीशाला 'नाही' म्हटलेलं दक्षिणेतल्या थिएटरांना पचणारं नव्हतं. मेकनला तो प्रसंग कापूनच चित्रपट लागला. अख्खं चर्च ईस्टरचे कपडे घालून बाल्कनीत बसलं होतं; खाली गोरे बसत, काळ्यांना बाल्कनीच असे. शाळाभर मामाची शेखी मिरवलेली ओझेला पहिल्या रांगेत. मामाने दार उघडलं, कोट घेतला, दार लावलं, आणि चित्रपट संपला. तेव्हापासून घराण्यात त्यांचं नाव पडलं 'दारवाला अ‍ॅम्ब्रोज'. ते हसण्यावारी नेत. मरेपर्यंत हसण्यावारी नेलं त्यांनी. पुढे टीव्हीवरही कापलेलीच प्रत लागली. तो प्रसंग व्हर्डेलने लहानपणी पडद्यावर एकदाच पाहिला होता, आणि अलीकडे तिला स्वतःच्याच आठवणीची शंका येऊ लागली होती.

दिवे मंदावण्याआधी एक तरुण बाई मंचावर आली. चित्रपटाची ही एकमेव उरलेली प्रत जॉर्जियात, अटलांटाजवळच्या एका गोदामात सापडली, असं तिने सांगितलं.

ओझेलाने कोपराने ढोसलं. "आमच्याकडचीच की, कापलेली. आटोपलं मग."

व्हर्डेलने पर्स पोटाशी धरली.

प्रत खूप वापरलेली होती. पडदाभर ओरखडे. अ‍ॅम्ब्रोज आले, त्यांनी दार उघडलं.

"एक," ओझेला पुटपुटली.

मग कोट. मग पुन्हा दार. "दोन."

तिसऱ्या दाराआड न्यायाधीशाची अभ्यासिका होती. नोकर आत आला आणि ओरखडे एकाएकी थांबले. चित्र लख्ख झालं, घडी न मोडलेल्या कापडासारखं. तिकडे कुणीतरी हा तुकडा कापला होता, पण टाकला नव्हता; आता तो परत जागी जोडला होता. इतकी वर्षं तो यंत्रातून फिरलाच नव्हता. अ‍ॅम्ब्रोज टिस्डेल हात मागे बांधून ताठ उभे होते, आणि ओझेलाचा तिसरा आकडा तोंडातच राहिला.

व्हर्डेलचे ओठ आपोआप हलू लागले. न्यायाधीशाबरोबर तीही बोलत होती. आधी पुटपुटत, मग जाड्या आवाजात.

"त्या रात्री तू काय पाहिलंस, इलायस?"

"तुम्ही पाहिलंत तेच, साहेब."

"माझी नजर अधू झालीये."

"म्हणून तर मला नीट पाहावं लागलं."

मागच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽ' केलं. व्हर्डेलला ते ऐकूही गेलं नाही. अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता, तरी तिने घाई केली नाही. बोलायला जागा ठेवली.

"या घराने तुला काय कमी केलं?"

वडिलांनी हवा तेवढा वेळ घेतला.

"काहीच नाही, साहेब. घराने सगळं दिलं. शपथ तेवढी माझी स्वतःची आहे."

"शूऽ! बाई, जरा हळू!" मागचा माणूस आता वैतागला होता.

ओझेलाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मागे वळली. तिचा चेहरा ओला होता.

"गप बैस रे," ती म्हणाली. "ती बापाशी बोलतेय."