पेटीमागची तीन पावलं

बशीवर कप आपटला. बाबा म्हणाले, "मी नाही येत त्या सिनेमाला."

"सगळं गाव येतंय, बाबा."

"मूर्खपणा आहे नुसता."

"विनोदी सिनेमा आहे. दुसरं काय असणार?"

ते उठून गोठ्याकडे गेले. मला ते खटकलं.

तीस वर्षांपूर्वी आमच्याच गावात हा सिनेमा काढला होता. दोन भामटे शवपेटीतून चोरटी दारू नेतात आणि जाडा फौजदार मागे धापा टाकत पळतो. अंत्ययात्रेची थट्टा म्हणून जुन्या पाद्र्यांनी तो इथे कधी दाखवू दिला नाही. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या हनोराबाईंची पांढऱ्या तोंडाची कालवड चोरीला गेली होती. आळ आला त्यांच्या पुतण्यावर, फिंटनवर. तो इंग्लंडला गेला तो कायमचाच.

दुपारी चर्चच्या हॉलमध्ये माझी लेक ग्रोन्या माझ्या मांडीवर बसली. पुढच्या रांगेत हनोराबाई.

"बघा, आपल्या म्हाताऱ्या मॉसीला तेव्हा केस होते!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अन् दातसुद्धा!"

पडद्यावर पेटी निघाली. आत दारू आहे हे तेव्हा अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरी बघे गावकरी टोप्या काढून तीन पावलं पेटीमागे चालले. आमच्याकडे कुणाचीही पेटी समोरून गेली की पाय आपोआप तीन पावलं तिच्यामागे जातात. हॉल खदखदून हसला.

इतक्यात भिंतीआडून एक तरुण बाहेर आला. टोपी छातीशी, तीन पावलं. दुसऱ्या हातात दोरी, दोरीला पांढऱ्या तोंडाची कालवड. मग तो दचकला आणि भिंतीआड झाला.

ते बाहेर आलेले कान मी कुठेही ओळखेन. माझ्या लेकीचेही तसेच आहेत.

"ते पुन्हा लाव रे," हनोराबाई सिनेमा लावणाऱ्या पोराला म्हणाल्या.

"अहो बाई, आता फौजदार चिखलात पडतो, ते बघा की!"

"पुन्हा लाव म्हटलं ना."

पुन्हा तीच तीन पावलं. आता कुणी हसलं नाही. माझी दोन्ही मुलं हनोराबाईंच्या घरच्या दुधावर वाढलीत. रोज सकाळी त्या स्वतः किटली आणून देतात. ते बाबाच असतील, तर फिंटनचं घर आमच्यामुळे सुटलं. आणि ते बाबाच होते.

हनोराबाई सावकाश वळल्या. माझ्याकडे नाही, ग्रोन्याच्या कानांकडे बघत राहिल्या. मी लेकीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा कुणाची गाय नेतायत?"