मधल्या वर्तुळाचं पाणी

तुम्ही आमचा माणूस गटारात सोडलात. हे आधीच सांगून टाकते, कारण साहेब, तुमच्या सरकारी कार्यालयात पहिल्या ओळीच्या पुढं वाचायची पद्धत नाही म्हणे.

तुम्ही आलात आणि आमच्या रिंकच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाच्या, दारावर पाटी ठोकलीत, ‘बहुउद्देशीय क्रीडा संकुल’. केवढा शोध लावलात! युद्ध संपल्यावर मोडीत निघालेल्या विमानांच्या शेडच्या तुळया आमच्या बापांनी गव्हाच्या ट्रकांतून वाहून आणल्या, हे छप्पर उभं केलं. तेव्हापासून सस्कॅचवान प्रांताच्या या कोपऱ्यात हिवाळाभर बर्फावर हॉकी चालते. बर्फ उतरला की त्याच फरशीवर लग्नं, गुरांचे लिलाव, मतदान, मयतानंतरची जेवणं. माझं लग्न इथंच लागलं. नवरदेव शिक्षा झालेल्या खेळाडूंच्या बाकावर बसून बूट चढवत होता. नव्हती ती फक्त पाटी. तेवढी उणीव तुम्ही भरून काढलीत, उपकार झाले.

आमचा बर्फ मिरॉन ह्रिसाक बनवायचा. जन्मभर त्यानं तेच केलं. गारठलेल्या फरशीवर पाइपानं पाणी सोडायचं, थर गोठू द्यायचा, मग पुढचा. गेल्या शरदात तो वारला. इथं बर्फ बनवणारा गेला की त्याची राख पहिल्या थरांच्या पाण्यात, मैदानाच्या मधल्या वर्तुळात घालतात. वर रंग, वर पुन्हा बर्फ. एप्रिलमध्ये रिंकचा बर्फ उतरवण्याआधी तेवढा गोल पहारीनं फोडायचा आणि घरच्यांच्या हवाली करायचा. मिरॉनची बायको डोरीन तो घरामागच्या लायलॅकच्या झुडपाखाली विरघळू देणार होती. हे कुठं लिहिलेलं नाही. जेवताना तोंड मिटून चावावं, हेही आम्ही कुठं लिहून ठेवलेलं नाही.

हिवाळाभर डोरीन प्रत्येक सामन्याला मधल्या रेषेसमोर बसली.

“मिरॉन, आपण दोननं पुढं आहोत,” ती बर्फाकडं बघून सांगायची.

“अगं, त्याला वरून दिसतंय की सगळं,” मी म्हणायची.

“वर कुठला? खाली आहे तो. खालून नुसते बुटांचे तळवे दिसतात, ग्वेन. सांगायला नको?”

फेब्रुवारीत आमचा मुलींचा हॉकी संघ बाहेरगावी स्पर्धेला गेला. मुली गेल्या म्हणजे गाव गेलं, रिंकच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यासकट. त्यात हिमवादळानं रस्ता बंद केला आणि आम्ही तिकडंच अडकलो. परतलो तर रिंकच्या दारातून गरम वाफारा येतोय. आत कोरडं काँक्रीट, त्यावर गालिचा आणि खुर्च्यांच्या रांगा. बहुउद्देशीय वापराचा शुभारंभ! हॉकीच्या रिंकमध्ये, हॉकीच्या ऐन हंगामात, बर्फ काढून.

डोरीननं तुमच्या टायवाल्या माणसाला गाठलं. “बाबा रे, बर्फ कुठंय?”

“वितळवला, मॅडम. काळजी करू नका, पुन्हा बनवता येतो.”

“हा नाही येत. मधल्या गोलात माझा नवरा होता.”

तो हसला. आम्ही कुणी हसत नाही हे बघून त्यानं तोंड आवरलं. “म्हणजे... त्यांचा फोटो होता का?”

“राख होती. राख म्हणजे तोच की रे.”

“आम्हाला कुणी कळवलं नाही.”

“आणि तुम्ही कुणाला विचारलंत?” मी म्हटलं. “माणसं नसलेल्या गावाला?”

डोरीननं माझा हात दाबला. तिला भांडण नको होतं. “पाणी कुठं सोडलंत, एवढंच सांग.”

“निचरा नियमानुसार झालाय.”

“नियमानुसार म्हणजे कुठं? गटारात, की खरवडून मागच्या पॉपलरच्या झाडांपाशी ढीग टाकलात?”

“वर विचारावं लागेल.”

वर म्हणजे तुम्ही. तुम्ही त्या संध्याकाळी आलात, फीत कापलीत, म्हणालात की या वास्तूत आता खरा जीव आलाय. पहिल्या रांगेत मांडीवर पत्र्याचा टब घेऊन बसलेली बाई तुम्हाला दिसली असेल. तिनं उभं राहून तोच प्रश्न विचारला. तुम्ही घड्याळ पाहिलंत. मग तुम्हाला पेरोगी वाढल्या, बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, आम्हीच केलेल्या. त्या मात्र तुम्ही वर न विचारता खाल्ल्यात.

पॉपलरांपाशी एक करडा ढीग आहे. तो मधल्या गोलाचा आहे की यंत्रानं रोज खरवडून टाकलेल्या बर्फाचा, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. डोरीन रोज टब घेऊन तिथं उभी राहते. ढिगाला पहार लावत नाही. दुसऱ्याच कुणाचा चिखल लायलॅकखाली नेऊन ‘मिरॉन’ म्हणायला ती तयार नाही. आणि ऊन तापू लागलंय, ढीग कडेनं खचतोय.

गटारात सोडलात, असं मी वर म्हटलं. ठरवा मला खोटी. बर्फ उतरवणारी माणसं तुमची होती, हुकूम तुमचा होता. ढीग वाहून जायच्या आत सांगा, मधल्या वर्तुळाचं पाणी कुठं आहे?