जाण्याची ओळ

घुगरींच्या खणांच्या दुकानाच्या वेबसाइटवर मी लायब्ररी बसवली, आणि तेव्हापासून जो कुणी ती वेबसाइट उघडेल तो गडहिंग्लजच्या दुकानात येऊन उभा राहायला लागला. सगळ्यात आधी आल्या नेसरीच्या सुतार मॅडम. हातात मोबाइल, पायात घरातल्या स्लिपर. "खणात जांभळा दाखवा," म्हणाल्या.

मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला, कारण मी अजून नुसती चाचणी करत होते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. जावास्क्रिप्टचं तयार सामान असतं. पानाच्या माथ्यावर त्याची ओळ चिकटवायची, की कोण आलं, काय बघितलं, पिशवीत काय टाकलं, काय परत काढलं, सगळं ती कळवत राहते. अशा प्रत्येक गोष्टीला इव्हेंट म्हणतात. शेवटचा इव्हेंट जाण्याचा. तो मी सकाळीच खोडला होता.

खोडायला लावला दुकानाच्या मालकांनी, बसवराजअण्णांनी. ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. ‘गेला’ असं दिसल्याबरोबर कानाला हात लावले.

"अगं बाई, गादीवर बसून ‘गेला’ काय लिहितीस? आपल्यात जातो म्हणतंय का कोण? येतो म्हणूनच उठायचं असतंय. काढ बघू ते."

काढलं. मला काय, मालक म्हणतील तसं. आणि चूक तरी काय होती त्यांची? मीही घरातून निघताना माझ्या मुक्ताला "येते हं" असंच सांगून आले होते. ती पहिलीत आहे. सासूबाईंच्या मागे लपून म्हणाली होती, "लवकर ये. वेणी तूच घालायचीस."

दुकान भरत गेलं तसं लांबत गेलं. माणूस आला की एक फडताळ वाढायचं आणि मागची भिंत तेवढी मागे सरायची. लोक खण बघायचे, पिशवीत टाकायचे, मन बदलायचे, "बरं, येतो" म्हणून वळायचे. उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल आतच पडायचं. मग पुन्हा पहिल्यापासून, खणात जांभळा दाखवा. वैताग नुसता!

दुपारी गौराक्का आल्या. अण्णांची बायको. त्या संक्रांतीच्या आधी वारल्या होत्या, मी स्वतः मातीला आले होते. जाण्याची ओळच नाही म्हटल्यावर त्यांचंही जाणं रद्द झालं असावं. मी फार खोलात शिरले नाही. त्या आपल्या जागी बसल्या आणि खणांच्या तिकोनी घड्या घालायला लागल्या.

"किती विस्कटून ठेवलंय हो," एवढंच म्हणाल्या.

अण्णा ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "च्या घेतीस?"

दिवेलागणीला मी सॅक उचलली, अण्णांना "येते" म्हटलं आणि उंबरा ओलांडला. पाय दुकानातल्याच फरशीवर पडला. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, कधी येणार?"

"येते गं, राणी."

"ते तू सकाळी पण म्हणालीस." "आई, शेजारच्या काकूंनी तुझं दुकान उघडलं आणि त्या तिकडं आल्या ना? मी पण उघडू आजीच्या मोबाइलवर?"

शेजारच्या काकू खरंच मधल्या फडताळापाशी उभ्या होत्या.

"अजिबात उघडायचं नाही. ऐकलंस?"

मी लॅपटॉप उघडून खोडलेली ओळ पुन्हा लिहायला घेतली. अण्णा आडवे आले.

"पोरी, नको. पाया पडतो तुझ्या. ती लिहिलीस तर ही पण जाईल."

"अण्णा, माझी लेक घरी आहे हो."

"मग तिलाच बोलाव की हिकडं. राहा सगळी मिळून. जागा काय, वाढतीय."

मला त्यांची चीड आली आणि कीवही आली. म्हटलं, "हे बघा, ज्याचं नाव घालीन तोच जाईल अशी लिहिते. अक्कांचं नाव घालत नाही. झालं?"

पहिलं नाव सुतार मॅडमचं घातलं. त्यांचे मिस्टर कधीचे बाहेर मोटरसायकल लावून उभे होते. मी एंटर दाबलं, मॅडम उंबऱ्याबाहेर गेल्या आणि त्यांचं पाऊल खरोखर रस्त्यावर पडलं. आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम मागच्या सीटवर बसल्या, त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दुकानाकडेच बघत राहिला. मग त्याने फोन लावला. फोन त्याच्या पाठीमागेच वाजत होता, पण त्याने वळून पाहिलं नाही. शेवटी तो गाडीवरून उतरून दारात आला.

"आमची मंडळी हाईत का हो आत?"

ते ऐकल्यावर कुणी माझ्याकडे आपलं नाव दिलं नाही. शेजारच्या काकू हळूच मागच्या फडताळाकडे सरकल्या.

फोन पुन्हा वाजला.

"आई, मी उघडलं नाही, लिंक नुसती बाहेरून बघितली हं. जांभळा खण दिसतोय."

"बोट लावू नकोस त्याला! मी निघालेच आहे."

"येते म्हण ना."

ते मला म्हणवेना. म्हटलं की पाऊल आत पडणार. न म्हणता, नाव घालून गेले तर पोरीला मी दिसणार नाही, पण मी तिच्याजवळ तरी असेन. मोबाइल हातातून काढून घेईन. मी फोन ठेवला आणि माझं नाव घातलं.

"थांब," गौराक्का म्हणाल्या. "सवाष्णीनं रिकाम्या ओटीनं जाऊ न्हाई." त्यांनी मला हळदकुंकू लावलं, पदरात खण, नारळ आणि तांदूळ घातले. बोटं गार होती. वाकून कानाशी म्हणाल्या, "माझं पण नाव घाल की गं. घड्या घालून हात भरून आले."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी अक्कांच्या पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. मला रडू आलं. मी माझ्या एकटीच्या नावावर एंटर दाबलं.

बाहेरचा रस्ता गार होता. मी घरापर्यंत धावत गेले.

मुक्ता उंबऱ्यावर पाठमोरी बसली होती. केस मोकळे, शेजारी फणी आणि लाल रिबीन, मांडीवर आजीचा मोबाइल. मी तो ओढला. माझी बोटं त्यावरून नुसतीच घसरली. हाक मारली, तर सासूबाई आतून म्हणाल्या, "वारं सुटलंय, दार लोट गं." केसांना मात्र माझा हात लागत होता. मग मी खाली बसले, पेड घेतले आणि वेणी घालायला लागले, निदान तेवढा वेळ ती हलणार नाही म्हणून. ती हलली नाही. मान थोडी मागे टेकवून बसून राहिली, नेहमी बसते तशी.

वेणी शेवटापर्यंत आली. मी रिबिनीची गाठ मारायला घेतली.

"आजी," मुक्ता म्हणाली, "आई काही लवकर येत नाही. मीच तिला घेऊन येते हं."

तिने जांभळ्या खणावर बोट टेकवलं, आणि माझ्या हातात नुसती रिबीन राहिली.