घोंगडीच्या टाचेचा बूट

मित्रांनो, मी एक जुना कॅनव्हासचा बूट आहे. पांढरा, उजव्या पायाचा. पांढरा म्हणजे एके काळी. आता माझा रंग गोंडपिपरीच्या रस्त्यावरच्या धुळीसारखा झाला आहे आणि नाडीच्या छिद्रांवरच्या कड्या गंजल्या आहेत. मुखरूभाऊंच्या घरी, देवळीखालच्या फळीवर, मी आणि माझा डावा भाऊ बसून असतो. बुटाजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्ही म्हणाल. पण एक गोष्ट या जगात फक्त मला ठाऊक आहे. मुखरूभाऊंना ती सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. गरम रबराचा तळवा साच्यातून निघाला, त्यावर कापड चढलं आणि मी खोक्यात बसून चंद्रपूरच्या दुकानात आलो. सत्त्याण्णव साली, दिवाळीच्या आधी, दोन माणसं दुकानात शिरली आणि एकाच मापाचे, एकाच बनावटीचे दोन जोड घेऊन गेली. एक होते मुखरूभाऊ, धानाची शेती करणारे. दुसरे जाफरभाऊ, गोंडपिपरीचे शिंपी. दोघं एका वर्गात शिकलेले, चाळिशीला टेकलेले, आणि अजूनही एकमेकांशी धावण्याची पैज लावणारे.

मुखरूभाऊंचा उजवा पाय लहानपणी बैलबंडीवरून पडून मोडला होता. जुळला, पण बोटभर आखूड राहिला. नवे बूट घरी येताच जाफरभाऊंनी मला मांडीवर घेतलं, जुन्या घोंगडीची तीन पदरी घडी टाचेत बसवली आणि लाल दोऱ्याने फुलीफुलीची शिलाई घातली. ते मुखरूभाऊंना म्हणाले, "घे. आता हरला तर पायाचं नाव सांगू नको."

आमच्या गावात फाल्गुनात सप्ताह बसतो. सात दिवस कीर्तनं चालतात. शेवटल्या दिवशी सकाळी मोठी दौड असते. गावातून जंगलातल्या वननाक्यापर्यंत आणि परत, एकूण एकवीस किलोमीटर. नाक्यावर मनगटावर शिक्का मारून घ्यायचा. मग काल्याच्या कीर्तनात बुवा आपल्या गळ्यातला हार काढतात आणि पहिल्या आलेल्याच्या गळ्यात घालतात. तो हार सहा वर्षं जाफरभाऊंच्या गळ्यात पडत होता. आणि मुखरूभाऊ? ते सातही दिवस बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहायचे. हार इतक्या जवळून पाहायचे की झेंडूचा वास त्यांच्या सदऱ्याला लागायचा. आयुष्यात एकदा तो आपल्या गळ्यात पडावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. नव्याण्णव साली त्यांचा गुडघा दुखू लागला. बायकोला, म्हणजे इंदुवहिनींना, ते म्हणाले, हे साल शेवटचं. वहिनी म्हणाल्या, असं तुम्ही मागल्या दोन सालीही म्हटलं होतं.

मित्रांनो, कीर्तन मला फार आवडतं. आम्ही मंडपाबाहेर असतो, पण मृदंगाची थाप जमिनीतून आधी आमच्यापर्यंत येते. दौडीच्या आदल्या सांजेला बुवा म्हणाले, "बाहेर पाहा, पायताणं कशी एकमेकांना टेकून बसली आहेत. त्यांच्यात लहानमोठं नाही. मग आत बसलेल्यांत काऊन असावं?" मला वाटलं, बुवांनी माझंच नाव घेतलं. माझ्या शेजारीच जाफरभाऊंचे बूट होते. मंडपाच्या कनाती त्यांनीच शिवलेल्या, आणि रोज काम आटोपलं की ते कनातीला टेकून कीर्तन ऐकत.

आरती झाली आणि वीज गेली. शेकडो माणसं अंधारात पायताणं चाचपू लागली. एका हाताने मला उचललं, नाडी ओढली, आणि माझ्यात एक अनोळखी पाय शिरला.

तो जाफरभाऊंचा पाय होता.

सकाळी झुंजुमुंजू असतानाच दौड सुटली. माझा भाऊ मुखरूभाऊंच्या डाव्या पायात, मी जाफरभाऊंच्या उजव्या पायात, आणि माझ्या जागी मुखरूभाऊंच्या पायात जाफरभाऊंचा उजवा बूट. जाफरभाऊंना टाचेखाली काहीतरी उंच लागत होतं. मोजा गोळा झाला असेल, असं त्यांना वाटलं असावं. मुखरूभाऊंना टाच पोकळ लागली असेल, आणि त्यांनी बोल लावला असेल गुडघ्याला. पण त्या सकाळी मी एक गोष्ट शिकलो. जाफरभाऊंचा पाय आतून ओळखायला शिकलो. ते जीव तोडून धावत तेव्हा त्यांचा अंगठा माझ्या तळव्यात कसा रुततो, पाऊल कोणत्या ठेक्यात पडतं, ते सारं मला पाठ झालं.

नाक्यावर ते पहिले पोचले. शिक्का घेतला आणि टाचेखालचा गोळा सरळ करायला खाली वाकले. बोट माझ्या टाचेत घातलं. तिथे फुलीफुलीची शिलाई हाताला लागली आणि त्यांचा हात थांबला. आपल्या हातचा टाका शिंपी विसरत नाही.

नाक्यावरचे इसरू गार्ड म्हणाले, "निघा जाफरभाऊ, मुखरूभाऊ लय मांगं हायेत. लंगडून राह्यले."

जाफरभाऊ रस्त्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्या पायात होतो, मित्रांनो. तो पाय एकदा उचलला गेला हे मी लपवणार नाही. मग तो खाली टेकला. ते दगडावर बसले आणि त्यांनी माझी नाडी सोडली.

मुखरूभाऊ दुसरे आले, बाकीचे त्यांच्याही बरेच मागे होते; ते घामाने निथळत होते. जाफरभाऊंना बसलेलं पाहून चिडले.

"बसला काऊन बे? माही मजा पाहून राह्यला का?"

"बूट काढ. तुह्या पायात माहा बूट हाय."

मुखरूभाऊंनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्यातल्या घोंगडीकडे. म्हणाले, "निंगून गेला असता तर मले समजलंही नसतं."

"तुले नसतं समजलं. मले समजलं ना."

बूट बदलले. मुखरूभाऊंनी शिक्का घेतला. दोघं एका रेषेत उभे राहिले आणि इसरूंनी हात खाली केला.

परतीचे साडेदहा किलोमीटर मी माझ्या माणसाच्या पायात होतो. रस्त्यावर मोहफुलं पडली होती, त्यांचा चिखल माझ्या तळव्याला लागत होता. कधी हे पुढे, कधी ते. वेशीपासून मंडपापर्यंत दोघांचे खांदे जुळलेले होते. शेवटी मंडपासमोर ताणलेली सुतळी तुटली ती मुखरूभाऊंच्या छातीने. फरक एका पावलाचा होता.

हार पडताना मी पाहिला नाही. मी बाहेर होतो. टाळ थांबले, लोकांनी गजर केला, एवढं ऐकलं. जाफरभाऊही बाहेरच बसले होते, पायताणांजवळ. त्यांनी आम्हा दोघा भावांच्या नाड्या एकमेकांत गाठ मारून बांधल्या, म्हणजे पुन्हा घोळ नको.

मुखरूभाऊ हार घालून अनवाणीच बाहेर आले. म्हणाले, "जाफर, खरं सांग. शेवटी तू पाय आखडला का?"

जाफरभाऊ हसले. "बुटाले विचार."

तेव्हापासून मुखरूभाऊ मला विचारतात. दर सप्ताहाच्या आधी फळीवरून काढतात, माती पुसतात, घोंगडीची टाच उन्हात सुकवतात आणि माझ्याकडे पाहत बसतात. तोच सवाल त्यांच्या डोळ्यांत असतो.

तर ऐका, मित्रांनो, आणि कधी भेटले तर त्यांना सांगा. जाफरभाऊंचा जीव तोडून धावण्याचा ठेका मी आतून शिकलो होतो. त्या शेवटच्या वाटेवर तोच ठेका माझ्या शेजारी पडत होता. सुतळीपर्यंत एक पाऊलही हलकं पडलं नाही. मुखरूभाऊ, तुम्ही खरेच जिंकलात.

आणि तुमच्याही घरी एखादा जुना बूट असेल तर तो टाकण्याआधी आत एकदा हात घालून पाहा. कोणी तुमच्यासाठी घातलेला टाका तिथे असू शकतो.